अक्षरं वाचणं फुकट झालंय, पान समजून देण्याचे पैसे मिळतात



आजचा विषय जरा तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. चहा घेऊन बसा. ज्यांना घरून टायपिंग, डेटा एंट्री, स्कॅनिंग, डीटीपी असलं काही सुरू करायचंय, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचाच. आणि ज्यांचा धंदा वेगळा आहे, पण रोज बिलं, चलनं, रेट लिस्ट हाताळावी लागतात, त्यांच्यासाठीही यात बरंच काही आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. घरून कॉम्प्युटरचं काम करायचं होतं. मी तेव्हा एका व्हिडिओत छाती ठोकून सांगितलं होतं, "आता टायपिंगची गरजच नाही. मोबाइलने फोटो काढा, अ‍ॅप सगळं वाचून देतं." ताईंनी ते मनावर घेतलं. हार्डवेअरच्या एका दुकानाची चाळीस पानांची छापील रेट लिस्ट एक्सेलमध्ये करून द्यायचं काम मिळवलं. दोन दिवसांत दिलंसुद्धा. दुकानदार खूश, ताई खूश, मी तर जास्तच खूश.

चौथ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्यांनी त्या फाइलवरून एका प्लंबिंगच्या ठेकेदाराला कोटेशन दिलं होतं. बरेच दर चुकलेले! ठेकेदार म्हणाला, "शब्द दिलाय तर त्याच भावात माल द्या." दुकानदाराला पदरचे पैसे घालावे लागले. ताईंनी कामाचे पैसे घेतले नाहीत, सगळी फाइल पुन्हा करून दिली, आणि मग मला फोन केला. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही:

"सर, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षरं तर सगळी बरोबर होती!"

खरंच बरोबर होती. आकडेही बरोबर होते. मग चुकलं काय?

एका ओळीची गंमत

आम्ही दोघांनी ते पान समोर ठेवलं. पानावर ३१ वस्तू होत्या. बाराव्या वस्तूचं नाव लांब होतं, 'पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह दीड इंची, लाँग हँडल'. जागा पुरली नाही म्हणून छापणाऱ्याने 'लाँग हँडल' खालच्या ओळीत घेतलं होतं. आपल्या डोळ्याला लगेच कळतं की ही एकच वस्तू आहे. यंत्राला कळलं नाही. त्याने नावांच्या रकान्यात ३२ ओळी मोजल्या आणि दरांच्या रकान्यात ३१. मग वरून खाली जोड्या लावत गेलं. 'लाँग हँडल' ही वेगळीच वस्तू झाली आणि तिला तेराव्या वस्तूचा दर मिळाला. तेराव्या वस्तूला चौदावीचा, चौदावीला पंधरावीचा... असं पानाच्या तळापर्यंत.

शेवटच्या वस्तूसमोर जागा रिकामी राहिली. चूक पकडायची ती एकमेव खूण होती. पण ताईंना वाटलं, अ‍ॅपकडून एक दर सुटला असेल. त्यांनी कागदावरचा शेवटचा दर बघून तिथे टाइप केला. झालं, पान पूर्ण दिसायला लागलं!

चूक निम्मी त्यांची, निम्मी माझी. खरं तर निम्म्याहून जास्त माझीच. कारण यंत्राची दोन वेगळी कामं मी एकच समजून शिकवली होती: अक्षर वाचणं आणि पान समजणं.

लग्नपत्रिका घ्या समोर

एक लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. वर गणपती, त्याखाली कुलदेवतेचं नाव. मग डाव्या बाजूला चि. अमुक, त्याखाली बारीक अक्षरात आई-वडिलांची नावं आणि गाव. उजव्या बाजूला चि. सौ. कां. तमुक, त्याखाली तिच्या आई-वडिलांची नावं. मग मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रक, आणि कोपऱ्यात चिमुकल्यांचा आग्रह, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

तुम्ही ही पत्रिका वाचताना कधी डावीकडचं एक वाक्य आणि उजवीकडचं एक वाक्य असं जोडून वाचता का? नाही. मधली कोरी जागा बघून आपण आधी पानाचे भाग पाडतो आणि मग वाचतो. हे इतकं झटकन होतं की आपल्याला जाणवतही नाही.

यंत्राने भाग न पाडता सरळ डावीकडून उजवीकडे वाचलं तर? नवऱ्या मुलाच्या वडिलांचं नाव नवरीच्या वडिलांच्या नावाला चिकटणार, दोन्ही गावं एका ओळीत येणार. प्रत्येक अक्षर बरोबर, आणि पत्रिका पूर्ण चुकीची! अशा पत्रिकेवरून यादी केलीत तर अहेर कुणाला जाईल सांगता येत नाही.

फोटोतली अक्षरं ओळखण्याच्या कामाला ओसीआर म्हणतात, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या आधी पानाची मांडणी ओळखण्याचं जे काम होतं, त्याला म्हणतात लेआउट अ‍ॅनालिसिस. आपण मराठीत 'पानाची फोड' म्हणू. आजचा लेख या पानाच्या फोडीवर आहे.

संगणक पानाची फोड कशी करतो?

थोडक्यात पायऱ्या अशा:

१. पान सरळ करणं. स्कॅन थोडं तिरकं आलं की ओळी एकमेकींत घुसतात. म्हणून आधी तिरकेपणा मोजून पान फिरवलं जातं.

२. शाई आणि कागद वेगळे करणं. पिवळा पडलेला कागद, सावली, मागच्या पानाची उमटलेली शाई हे सगळं बाजूला करून फक्त काळं-पांढरं ठेवायचं.

३. ठोकळे पाडणं. शीर्षकाचा एक ठोकळा, मजकुराचा एक, तक्त्याचा एक, फोटोचा एक.

४. ठोकळ्यांना नावं देणं. हे शीर्षक, हा तक्ता, ही तळटीप, हा पान क्रमांक.

५. वाचनाचा क्रम लावणं. आधी कुठला ठोकळा, नंतर कुठला.

ढोबळ मानाने हे झालं की मग अक्षरं वाचायची. सगळी सॉफ्टवेअरं याच क्रमाने जात नाहीत, पण कामं हीच असतात.

तिसऱ्या पायरीच्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. १९८२ साली आयबीएमच्या संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. दोन काळ्या ठिपक्यांमधली कोरी जागा लहान असेल तर तीही काळी करून टाकायची. तसं केलं की अक्षरं एकमेकांना चिकटून शब्द होतात, शब्द चिकटून ओळ, ओळी चिकटून ठोकळा. ओल्या शाईवरून हात फिरवला की मजकूर फरफटतो ना, तसंच काहीसं. फरफटल्यावर अक्षरं दिसत नाहीत, पण पानाचे भाग स्पष्ट दिसतात. दुसरी पद्धत याच्या उलटी. पूर्ण पानापासून सुरुवात करायची आणि जिथे मोठी कोरी पट्टी दिसेल तिथे पान कापायचं, आडवं, मग उभं, मग पुन्हा आडवं. वडी पाडतो तसं.

आता हे काम बहुतेक ठिकाणी शिकवलेली मॉडेलं करतात. माणसांनी किंवा प्रोग्रॅमने चौकटी आखलेली हजारो पानं त्यांना दाखवतात, त्यावरून ती शिकतात. २०१९ मध्ये आलेल्या 'पबलेनेट' या संचात वैद्यकीय संशोधन लेखांची साडेतीन लाखांहून जास्त पानं आहेत. २०२२ मध्ये आलेल्या 'डॉकलेनेट'मध्ये ८०,८६३ पानं आहेत आणि त्यांवरच्या चौकटी माणसांनी हाताने आखल्या आहेत. त्यात कंपन्यांचे आर्थिक अहवाल आहेत, मॅन्युअल आहेत, पेटंट आहेत, निविदा आहेत.

आता धंद्याच्या डोक्याने विचार करा. या पानांमध्ये काय नाही? तुमच्या गावच्या आडत दुकानाची पट्टी नाही. सोसायटीचं जुनं शेअर रजिस्टर नाही. दोन रकान्यांत छापलेली मराठी स्मरणिका नाही. तिथली बहुतेक पानं इंग्रजी आहेत. म्हणजे जिथे यंत्र कच्चं आहे, नेमका तोच कागद तुम्हाला लहानपणापासून ओळखीचा आहे. तुमची संधी तिथे आहे.

टेसरॅक्टची गोष्ट आणि एक धडा

ओसीआरसाठी फुकट मिळणारं एक फार चांगलं सॉफ्टवेअर आहे, टेसरॅक्ट. ते मराठीही वाचतं. एचपी कंपनीत १९८४ ते १९९४ या काळात ते तयार झालं आणि २००५ मध्ये कंपनीने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पण एक गोष्ट बघा. एचपीकडे पानाची फोड करण्याचं तंत्रज्ञान वेगळं होतं आणि ते त्यांच्या विक्रीच्या उत्पादनांत वापरलं जात होतं. ते खुलं झालं नाही. त्यामुळे बाहेर आलेल्या टेसरॅक्टला सुरुवातीला फक्त एका रकान्याचा मजकूर जमायचा. दोन रकान्यांचं पान दिलं की खिचडी!

पुढे गुगलच्या पाठबळावर त्याच्यावर काम झालं. त्याचे मूळ कर्ते रे स्मिथ यांनी २००९ मध्ये एक पद्धत मांडली. ओळी कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात त्या कडा शोधायच्या, त्यावरून रकाने ठरवायचे. आपण वहीला समास आखतो, तसे समास यंत्राने स्वतः शोधायचे. त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये पानाची फोड टेसरॅक्टमध्येच आली.

धडा काय? 'वाचणारा' भाग खुला झाला तरी 'समजणारा' भाग बाहेर यायला आणि तयार व्हायला काही वर्षं गेली. अवघड तोच होता. आजही ग्राहक तुम्हाला पैसे देईल ते त्या अवघड भागाचेच. फोटोतून अक्षरं काढणं त्याच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहेच.

आपल्या देवनागरीची जास्तीची कसरत

मराठी कागदांवर काम करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

शिरोरेषा. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, आपल्याकडे शिरोरेषेने जोडलेली. जुन्या पद्धतींमध्ये अक्षरं वेगळी करण्यासाठी आधी शिरोरेषा काढून टाकावी लागायची. पण हीच रेषा कामालाही येते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले चौधुरी आणि पाल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की शिरोरेषेवरून पान किती तिरकं आहे ते मोजता येतं. म्हणजे आपल्या लिपीत पट्टी आधीच मारलेली आहे! अडचण येते तक्त्यात. तक्त्याची आडवी रेघ शिरोरेषेला चिकटून छापलेली असेल तर यंत्र गोंधळतं.

वर मात्रा, खाली उकार. कागद वाचवायला ओळी दाटीने बसवलेल्या असतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि दोन ओळींची एक होते. अशी पानं आधीच ओळखून वेगळी काढा.

जुने फाँट. डीटीपीवाल्यांना हे दुखणं माहीत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पीडीएफ दिसते छान, पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की भलतीच चिन्हं येतात. कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. अशा वेळी त्या पीडीएफच्या पानाचं चित्र करून ओसीआर करणं किंवा फाँट कन्व्हर्टर वापरणं हा मार्ग. ग्राहकाला हे समजावून सांगा. 'फाइल आहे ना, मग कॉपी मारा की' असं तो म्हणणारच.

काम कुठे मिळेल?

कर सल्लागार आणि अकाउंटंट. दर महिन्याला खरेदीची शेकडो बिलं येतात, प्रत्येक पुरवठादाराचा साचा वेगळा. बिल नंबर कुठे वर, कुठे कोपऱ्यात. त्यातून तारीख, जीएसटी क्रमांक, करपात्र रक्कम, कर आणि एकूण रक्कम काढून टॅलीत घेता येईल अशी एक्सेल फाइल करून देणं, हे महिन्याच्या महिन्याला मिळणारं काम आहे.

घाऊक आणि किरकोळ दुकानदार. पुरवठादाराकडून आलेली छापील रेट लिस्ट, दर बदलले की नवीन. ती एक्सेलमध्ये किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हवी असते.

ग्रंथालयं, संस्था, मंडळं. रौप्यमहोत्सवी स्मरणिका, जुने अंक, इतिवृत्तं. शब्द टाकला की पान सापडेल अशी पीडीएफ हवी असते. इथे रकाने, चौकटीतल्या कविता, मधेच जाहिराती असतात, त्यामुळे फोड सगळ्यात महत्त्वाची. लेखकांच्या हक्कांचं मात्र भान ठेवा. भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. संस्थेच्या स्वतःच्या वापरासाठी फाइल करणं वेगळं आणि ती इंटरनेटवर टाकणं वेगळं. परवानगीचं बघण्याची जबाबदारी संस्थेची, हे कागदावर घ्या.

दृष्टिहीन वाचकांसाठी. स्क्रीन रीडर पान वाचून दाखवतो, पण फाइलमध्ये क्रम चुकला असेल तर मधेच जाहिरात, मधेच तळटीप ऐकू येते. वाचनाचा क्रम नीट लावलेली फाइल ही संस्थांची खरी गरज आहे.

हस्तलिखित रजिस्टरांचं काम सुरुवातीला घेऊच नका. तिथे अजून माणसाचे डोळे आणि टायपिंग हेच भरवशाचं. घेतलंत तर टायपिंगच्या दराने घ्या.

आता कामाची पद्धत. वहीत लिहून घ्या.

१. कागद साच्याप्रमाणे वेगळे करा. तारखेप्रमाणे लावू नका, दिसण्याप्रमाणे लावा. एका पुरवठादाराची बिलं एका गठ्ठ्यात. एकदा त्या साच्यात यंत्र कुठे चुकतं ते कळलं की अख्खा गठ्ठा पटापट होतो.

२. स्कॅन नीट करा. ३०० डीपीआय ठेवा. मोबाइलने काढत असाल तर कागद सपाट, उजेड दोन्ही बाजूंनी, मोबाइल कागदाला समांतर. घडी पडलेलं बिल काचेखाली दाबून घ्या. इथे वाचवलेलं एक मिनिट तपासणीत पाच मिनिटं खातं.

३. आधी पाच पानांची चाचणी. कुठलंही काम घेण्याआधी सगळ्यात अवघड दिसणारी पाच पानं मागून घ्या. सोपी नकोत. ती करून बघितल्याशिवाय दर सांगू नका.

४. साधन कागदाप्रमाणे निवडा. साधा सलग मजकूर असेल तर गुगल ड्राइव्हमध्ये फोटो टाकून गुगल डॉक्सने उघडा, बऱ्यापैकी वाचून देतं. पण तक्ते आणि रकाने तिथे बहुधा मोडतात. लहान तक्त्यासाठी एक्सेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये चित्रातून डेटा घेण्याची सोय आहे. कॉम्प्युटरवरूनच तयार झालेली पीडीएफ असेल, म्हणजे मजकूर माउसने निवडता येत असेल, तर 'टॅब्युला' हे मोफत सॉफ्टवेअर तक्ता उचलून देतं. स्कॅन केलेल्या पीडीएफला ते चालत नाही.

टेसरॅक्ट वापरणाऱ्यांनी पानाची फोड कशी करायची हे त्याला सांगायला शिका. त्याला क्रमांक आहेत. ३ म्हणजे 'तूच ठरव', ४ म्हणजे वेगवेगळ्या आकाराच्या अक्षरांचा एकच रकाना, ६ म्हणजे एकसारखा एकच ठोकळा, ११ म्हणजे विखुरलेला मजकूर, जमेल तेवढा शोध. काहीच सांगितलं नाही तर ते ३ धरतं. तेच बिल ३ वर मोडतं आणि ६ वर नीट येतं, असं पुष्कळदा होतं. दोन मिनिटांचा प्रयोग आहे, करून बघा.

५. तपासणी. खरा धंदा इथे आहे. वाचून तपासू नका, मोजून तपासा. डोळे थकतात, बेरीज थकत नाही.

- कागदावरच्या वस्तू मोजा, फाइलमधल्या ओळी मोजा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.
- प्रत्येक पानाची पहिली, मधली आणि शेवटची वस्तू दरासकट कागदाशी ताडून बघा. ओळ सरकली असेल तर इथे कळतं.
- बिलात नग गुणिले दर बरोबर रक्कम येते का, आणि सगळ्या रकमांची बेरीज छापील बेरजेशी जुळते का, हे एक्सेलला सूत्र लावून विचारा. सवलत असेल तर ती सूत्रात धरा.
- जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचाच असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची १० अक्षरं पॅनची, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. अंकाच्या जागी अक्षर दिसलं की समजा, शून्याचा 'ओ' झालाय.
- राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखेच असतात. वेगळे दिसले तर थांबा.
- रिकामी जागा दिसली की भरू नका. आधी विचारा, ही रिकामी का राहिली?

हा शेवटचा मुद्दा लाल पेनाने लिहा. ताईंच्या पानावर सत्य सांगणारी तीच एक रिकामी चौकट होती.

दर कसा लावायचा?

पानामागे सरसकट दर लावू नका. पानाच्या मांडणीप्रमाणे लावा. एक हिशोब करून दाखवतो. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

समजा सलग मजकुराच्या पानाला स्कॅन, वाचन, तपासणी मिळून ५ मिनिटं लागतात. तासाला १२ पानं. तुमच्या एका तासाची किंमत तुम्ही २४० रुपये धरलीत, तर एका पानाचे २० रुपये. तक्त्याच्या पानाला तपासणी जास्त, १५ मिनिटं लागतात. तासाला ४ पानं, म्हणजे पानाचे ६० रुपये. आता कुणी तुम्हाला 'सरसकट २५ ने करा' म्हणालं आणि सगळीच पानं तक्त्यांची निघाली, तर तासाला १०० रुपयेच पडतील. वीज, इंटरनेट, स्कॅनर त्यातूनच! म्हणून आधी पाच पानांची चाचणी, घड्याळ लावून.

आणि ग्राहकाला एक कागद लिहून द्या. त्यात काय काय तपासलं ते लिहा: ओळींची मोजणी, बेरीज, जीएसटी क्रमांक. चूक सापडली तर किती दिवसांत दुरुस्त करून देणार तेही लिहा. 'शंभर टक्के अचूक' असं कधीच लिहू नका. काय तपासलं हे सांगणारा माणूस जास्त भरवशाचा वाटतो.

दुसऱ्याचा कागद म्हणजे दुसऱ्याची इभ्रत

बिलांवर ग्राहकांची नावं असतात, फॉर्मवर आधार क्रमांक, बँक खाती. असे कागद 'फुकट कन्व्हर्ट करा' म्हणणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर टाकू नका. आपल्या देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. नाजूक कागदांसाठी टेसरॅक्टसारखं आपल्याच कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालणारं साधन वापरा. काम देऊन झालं, पैसे मिळाले, ग्राहकाने ठीक म्हटलं की फाइल पुसा आणि पुसल्याचं कळवा. हा एक मेसेज पुढचं काम आणतो.

ज्यांना हे काम करायचं नाही, त्यांच्यासाठी

तुमचं स्वतःचं बिल, ऑर्डर फॉर्म, रेट लिस्ट यंत्राला समजेल अशी बनवा. वस्तूचं नाव एका ओळीत मावेल असा रकाना रुंद ठेवा, किंवा प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक द्या. दोन वस्तूंमध्ये बारीक रेघ मारा. मजकुरामागे देवाचा किंवा लोगोचा फिका फोटो छापू नका. तळाशी 'एकूण वस्तू: ३१' असं छापा. त्या हार्डवेअरच्या लिस्टमध्ये नुसते अनुक्रमांक असते, तरी एवढं सगळं घडलं नसतं. तुमचं बिल समोरच्याच्या खात्यात बिनचूक चढलं तर तुमचं पेमेंटही वेळेवर येण्याची शक्यता वाढते, हे विसरू नका.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

खरं सांगतो, त्या दुकानदाराने त्यांना पुन्हा काम दिलं नाही. गेलेला विश्वास माफी मागून लगेच परत येत नाही. पण ताईंनी काम सोडलं नाही. आता त्या कागद हातात आला की आधी पेन्सिलने खाली कोपऱ्यात वस्तूंची संख्या लिहितात, मगच स्कॅन करतात. एका कर सल्लागाराकडे गेल्या तेव्हा पाच बिलं करून नेली आणि सोबत तपासणीचा कागद. त्यांनी आधी तो कागदच वाचला म्हणे, आणि मग विचारलं, "दर महिन्याला जमेल का?" आज ते काम सुरू आहे.

आणि मी 'अ‍ॅप सगळं वाचून देतं' म्हणणारा तो व्हिडिओ काढून टाकला. त्याची भरपाई म्हणून हा लेख.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातले तीन कागद घ्या: एक लग्नपत्रिका, एक लाइट बिल, एक किराण्याचं बिल. पेन्सिलने प्रत्येकावर ठोकळे आखा आणि कुठल्या क्रमाने वाचायचं ते आकडे घाला. मग त्याच कागदांचे फोटो काढून मोबाइलकडून मजकूर वाचून घ्या. तुमचा क्रम आणि यंत्राचा क्रम कुठे वेगळा झाला ते वहीत लिहा. जिथे वेगळा झाला, तिथे तुमच्या सेवेची गरज आहे.

काय सापडलं ते मला व्हिडिओखाली नक्की कळवा. चुकलं तरी कळवा, मीही चुकूनच शिकलोय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर वाचत राहा, आणि मोजत राहा!